मु. पो. स्वल्पविराम

ऐकलंत का? नांदेड-लातुरात सध्या माणसं स्वल्पविरामावरून भांडतात! बांधावरून नाही, सामाईक विहिरीच्या पाळीवरून नाही, झेडपीच्या तिकिटावरूनही नाही. पणजोबांच्या जन्मगावापुढं स्वल्पविराम एक द्यायचा की दोन, एवढ्यावरून सख्खे चुलतभाऊ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तडकाफडकी बाहेर पडले. आपल्याकडं माणूस घरचा ग्रुप सोडतो तेव्हा प्रकरण इस्टेटीचंच असणार, असं आपण डोळे मिटून धरतो. इथं चौकशी केली तर इस्टेट निघाली काय? मोबाइलवरचा एक रिकामा रकाना!

काय हे दिवस! पित्रांना घास काढून ठेवताना ज्या पणजोबांचं नाव शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावं लागायचं, त्यांचा तालुका कोणता यावर आता रात्री दोनला मेसेज येतात. लाज म्हणून काही आहे की नाही? (आहे ना. म्हणूनच तर रात्री दोनला.)

हे खूळ आलं कुठून? वंशावळी छापायचं काम कोकणातल्या घराण्यांचं. ते जाडजूड कुलवृत्तांत काढायचे आणि आपण इकडं बसून त्यांना हसायचो. आपल्याकडं भाट यायचा, चार-सहा पिढ्या घडाघडा म्हणायचा, पायली-दोन पायली ज्वारी घेऊन पुढच्या गावाला जायचा. फार तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आजोबांचा अंगठा. भागत होतं. मग २०२३ चा सप्टेंबर उजाडला. निजामकाळातल्या कुणबी नोंदी हुडकायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली आणि मराठवाड्यात घरटी एक माणूस जुन्या कागदात डोकं घालून बसला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कोतवाल बुक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर! ज्या शब्दांनी खुद्द तलाठ्याला जांभई यायची, ते शब्द चहाच्या टपरीवर खारीबरोबर बुडवून खाल्ले जाऊ लागले. मोडी वाचणाऱ्याला खुर्ची, उर्दू वाचणाऱ्याला खुर्ची आणि वर चहा. फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी साल निघतं, हे शेंबडं पोरही सांगू लागलं.

आरक्षणाच्या त्या राजकारणात आपण शिरत नाही, त्यासाठी गावोगावी वेगळे पार आहेत. पण झालं असं, की कुणबी प्रमाणपत्रासाठी वंशावळ काढता काढता लोकांना वंशावळीचीच चटक लागली. ज्यांना प्रमाणपत्र मिळालं त्यांनी सोडली नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांनीही नाही. ज्यांचा त्या प्रमाणपत्राशी सुतराम संबंध नव्हता, असे आमच्या गल्लीतले देशपांडे, स्वामी, शेट्टी, शेख सगळेच ‘आमचंबी काढून बघा की’ म्हणत कडेला येऊन बसले. तेवढ्यात हिंजवडीचा भाचा सुट्टीला आला. त्यानं ‘मामा, हे बघा, फुकटात आहे’ म्हणून फॅमिलीसर्च उघडून दिलं. धाकट्यानं लॅपटॉपवर ग्रॅम्प्स टाकून दिलं. अमेरिकेतल्या पुतणीनं मायहेरिटेजचे पैसेच भरून टाकले. मामा कामातून गेले ते गेलेच.

आता त्या सॉफ्टवेअरची गंमत ऐका. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चनं वंशावळीची माहिती एका संगणकातून दुसऱ्यात न्यायला जेडकॉम नावाचा एक साचा काढला. त्यात ठिकाण लिहायची रीत अशी: आधी गाव, मग त्याच्याहून मोठं, मग त्याच्याहून मोठं, शेवटी देश. मध्ये स्वल्पविराम. मु. पो. ता. जि. लिहिण्यात ज्याची हयात गेली, तो मराठी माणूस हे बघून हरखणार नाही तर काय! साता समुद्रापलीकडच्या पाद्र्यांना आपलं पोस्टकार्ड कळलं! पण पुढं एक खोच आहे. मधली एखादी पायरी ठाऊक नसेल तर तिथं काही लिहू नका, जागा मोकळी सोडा, स्वल्पविराम तेवढा द्या.

मोकळी सोडा? कुणाला सांगता? लातूरकराला?

अहो, ज्या शहराचं नाव अख्ख्या महाराष्ट्रात ‘पॅटर्न’ म्हणून गाजलं, जिथल्या ट्यूशन एरियात पोरांना पहिला मंत्र हाच मिळतो की येत असो वा नसो, पेपर कोरा ठेवून उठायचं नाही, त्या शहराला तुम्ही रिकामी जागा तशीच ठेवायला सांगता? रिकामी जागा दिसली की लातूरकराचा हात आपसूक पेनाकडं जातो. मग तो पणजोबांच्या तालुक्याच्या जागी काहीतरी लिहितो. काहीतरी म्हणजे काहीही.

यातून पंथ पडले. सोवळे ते स्वल्पविरामवाले. यांच्याकडं तुम्हाला ‘, , नांदेड, महाराष्ट्र, भारत’ अशी नोंद दिसेल. आधीचे दोन स्वल्पविराम तुम्ही चुकून खोडलेत तर हे लोक तुमच्या हातचं पाणी पिणार नाहीत. दुसरे ‘माहीत नाही’वाले. प्रामाणिक माणसं. गाव विचारलं, माहीत नाही. तालुका विचारला, माहीत नाही. त्यांनी दोन्हीकडं तसंच टाइप केलं. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक, त्यानं ‘माहीत नाही’ हे गावच मानलं. आज एका घराण्याच्या झाडात निम्मे पूर्वज या एकाच गावचे. तालुका माहीत नाही, जिल्हा नांदेड. लोकसंख्या बघता तिथं नगरपरिषद द्यायला हरकत नाही! तिसरा पंथ ठोकून देणाऱ्यांचा. हा सगळ्यांत मोठा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मजेतही हाच. पहिली दोन अक्षरं टाइप करायची, यादीत जे गाव वर येईल त्यावर बोट ठेवायचं आणि झोपी जायचं.

या बोट ठेवण्यानं काय काय अनर्थ झाले म्हणून सांगू! कंधार घ्या. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं नांदतं गाव. भुईकोट किल्ला आहे, उर्स आहे, सगळं आहे. पण इंग्रजीत टाइप करा, एखादं अक्षर इकडं-तिकडं होऊ द्या, यादीत वर कोण येतं? कंदाहार! एका घरातली खापरपणजी, जिनं जन्मात मन्याड नदी ओलांडली नाही, ती आज अफगाणिस्तानात जन्मलेली आहे. पुतण्यानं भर जेवणावळीत विचारलं, ‘म्हणजे आपण पठाण काय?’ काकांच्या हातातला घास तसाच राहिला. पण गंमत पुढं आहे. काकांनी ती नोंद अजून दुरुस्त केलेली नाही. का नाही? आपण विचारत नाही. काकांनी हल्ली मिशा वाढवल्यात, एवढंच सांगतो.

आणि नांदेड? नांदेड तरी निभावेल म्हणाल, तर पुण्यात सिंहगड रस्त्याला नांदेड नावाचंच गाव आहे आणि त्याच्या जागेवर भलीमोठी नांदेड सिटी. हुजूर साहिबच्या सावलीत वाढलेले, इतवाऱ्यात दुकान केलेले आजोबा नकाशावर थेट हवेली तालुक्यात जाऊन बसले. पुण्यात फ्लॅट असावा ही त्यांची फार इच्छा होती म्हणतात. मुलांना जमलं नाही ते मोबाइलनं केलं. माळेगावचं तर विचारूच नका. आपलं माळेगाव म्हणजे लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं, यात्रेचं. पण माळेगाव बारामतीतही आहे, मालेगाव वाशिमलाही आहे आणि नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव तर सगळ्यांना खाऊन बसलंय. मालेगावात वाघ्या-मुरळीची परंपरा कशी आली, यावर एका नात्यातल्या प्राध्यापकांनी निबंध लिहायला घेतला होता म्हणे. वेळीच कुणीतरी आवरलं.

शिरूर! शिरूरनं तर घरं फोडली. एकट्या लातूर जिल्ह्यात दोन शिरूर: शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. बीडमध्ये शिरूर कासार. पुण्याकडं घोडनदीचं शिरूर, आणि फक्त ‘शिरूर’ म्हटलं की यादीत तेच मिरवत पुढं येतं. आता नातू लॅपटॉप मांडीवर घेऊन आजीला विचारतो, ‘माय, तुझ्या थोरल्या बहिणीला कोणत्या शिरूरला दिलं होतं?’ आजी चष्म्यावरून बघते. ‘शिरूर म्हंजी शिरूर. धा-धा शिरूर असतेत व्हय रे? बैलगाडीनं एका दिसात जायचं, तेच शिरूर.’ जेडकॉममध्ये बैलगाडीचा रकाना नाही. नातू रडकुंडीला. औरादची तीच तऱ्हा. औराद शहाजानी निलंगा तालुक्यात, दुसरं औराद सीमेपल्याड बिदर जिल्ह्यात, आणि सोयरिकी दोन्हीकडं. पुन्हा बुद्रुक-खुर्दाचं लचांड वेगळंच. बुद्रुकचे लोक खुर्दच्या झाडात स्वतःहून जाऊन पूर्वजांचं गाव बदलून येतात. कुणी सांगितलं होतं?

पण हा सगळा पोरखेळ वाटावा असा खरा राडा झालाय जिल्ह्यांवरून. तो समजून घ्यायचा तर उदगीरचा एक म्हातारा डोळ्यांपुढं आणा. जन्म १९४० चा. एकाच घरात जन्मला, त्याच घरात लग्न झालं, त्याच ओसरीवर आजही पान कुटत बसतो. गाव सोडून गेला तो फक्त पंढरपूरला. आता त्याचा पत्ता लिहा. जन्माला आला तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली. जिल्हा बिदरच, पण राज्य भारतातलं हैदराबाद. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली. बिदर म्हैसूरला गेलं. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात, राज्य मुंबई. १ मे १९६० ला राज्य महाराष्ट्र. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा निघाला. म्हाताऱ्याच्या उंबऱ्याची फरशीसुद्धा हलली नाही आणि पत्ते झाले पाच! बदलीच्या नोकरीत जन्म काढलेल्या पोस्टमास्तरालाही एवढे पत्ते लाभत नाहीत.

तर मग लिहायचं काय? तेव्हाचं की आताचं? जाणते म्हणतात, घटना घडली तेव्हा जे होतं ते लिहा. म्हणणं सरळ आहे, पण ऐकणाऱ्यांची तोंडं बघा. १९७५ साली भर लातूर शहरात, गंजगोलाईजवळ जन्मलेल्या माणसाला सांगा, की बाबा, तुझा जिल्हा उस्मानाबाद! तो अंगावरच येतो. ‘आम्ही? उस्मानाबादचे?’ लातूरकराला कंदाहारचं म्हटलेलं एक वेळ चालेल. त्यात २०२३ ला उस्मानाबादचंच अधिकृत नाव धाराशिव झालं. आता १९७५ च्या नोंदीत उस्मानाबाद लिहिलं तर एक मेहुणा रुसतो, धाराशिव लिहिलं तर दुसरा, लातूर लिहिलं तर सॉफ्टवेअर. ग्रॅम्प्समध्ये म्हणे एकाच गावाला अमुक तारखेपर्यंत हा जिल्हा, तिथून पुढं तो, असं तारीखवार जोडता येतं. हे कळल्यापासून एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांची झोप उडाली आहे. नोकरीत असताना फेरफार करून घ्यायला लोक त्यांच्या मागं वर्ष-वर्ष फिरायचे. आता ते स्वतः पहाटे चारला उठून मेलेल्या माणसांचे फेरफार बसल्या जागी मंजूर करतात. फुकट! कुणाचा विश्वास बसेल?

नांदेडकरांनी हसू नये. १९५६ च्या त्या वाटणीत नांदेडचा मुधोळ, भैंसा हा भाग आंध्रात आदिलाबादला गेला आणि आदिलाबादचं किनवट नांदेडला आलं. भैंशाची लेक नांदेडात दिलेली, अशी घरं पैशाला पासरी. ती आजी जन्मली नांदेड जिल्ह्यात. तिचं माहेर पुढं आंध्र प्रदेशात गेलं, २०१४ ला तेलंगणात, २०१६ ला नव्या निर्मल जिल्ह्यात. तिची सून तिला अजून ऐकवते, ‘तुमच्या माहेरचा कधी भरवसा होता का?’ आणि किनवटचे जावई? त्यांना तर हल्ली ‘आमच्याकडं बदल्यात आलेले’ म्हणून ओळख करून देतात. हिमायतनगरचा जुना माणूस गाव विचारलं की ‘वाढोणा’ म्हणतो आणि वाढवणा आहे उदगीर तालुक्यात. आता ऐकणाऱ्यानं काय लिहायचं ते लिहावं.

म्हाताऱ्यांनी तरी नीट सांगावं की नाही? विचारावं, ‘बापू, तुमचा जन्म कुठला?’ उत्तर येतं, ‘रझाकारात, गाव सोडून पळालो त्या वाटंवर.’ थोरल्या आत्याचा जन्म? ‘बहात्तरच्या दुष्काळात, तलावाच्या कामावर.’ कोणता तलाव? ‘जो पुढं फुटला तो.’ झाली का पंचाईत! जन्मतारखेची ही अडचण आपल्या गुरुजींनी कधीच निकालात काढली होती. शाळेत घालताना सगळ्यांना १ जून लावून दिला आणि अर्धा मराठवाडा एका दिवशी जन्माला आला. ठिकाणासाठी तसं एखादं सोयीचं गाव गुरुजींनी नेमून दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर त्या पट्ट्यातली कित्येक गावं जुन्या जागेवरून उठली आणि नव्या जागी वसली. नाव तेच, जागा दुसरी. तिथली माणसं ‘जुनं’ आणि ‘नवं’ असं लिहितात, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

बाकी सगळीकडं वादच वाद. आणि या वादात बायका उतरल्या तेव्हा खरी रंगत आली. इतके दिवस वंशावळ म्हणजे काय? बापाखाली लेक, लेकाखाली नातू, बाया गायब. सॉफ्टवेअरनं आई विचारली आणि भल्याभल्यांची बोबडी वळली. पणजीचं नाव? कुणालाच येत नाही. पण तिचं गाव? एका दमात दहा जण सांगतात! कारण आपल्याकडं सुनेला हाकच माहेरच्या गावानं: मुखेडवाली, लोह्याची, देगलूरची. जन्मभर त्याच नावानं राबली, त्याच नावानं गेली. आता नावाचा रकाना रिकामा आणि ठिकाणाचा गच्च भरलेला, अशी बाई सॉफ्टवेअरनं कधी पाहिलेली नाही. ते लाल खूण दाखवतं. भिशीच्या बायकांनी त्या लाल खुणेला असं काही मनावर घेतलंय, की विचारता सोय नाही. आमच्या माहितीतल्या एका काकूंनी पणजीचं नाव मिळेपर्यंत सासरचं झाड पुढं वाढू द्यायला साफ नकार दिला. दीर म्हणाले, ‘वहिनी, पुढचं तरी भरू द्या.’ काकू म्हणाल्या, ‘मुळी नाही, अन् झाड वाढवताय?’ दीर गप्प. पुढं पणजीच्या माहेरच्या गावी कुणाच्या तरी जुन्या लग्नाच्या यादीत नाव सापडलं. काकूंनी पेढे वाटले. पेढ्यावर सुद्धा काही जण पुटपुटलेच, की त्या गावाचं बुद्रुक लिहायचं राहिलं.

अतिरेकाला काही सीमा? परवाच्या येळवशीला काय झालं बघा. शेतात कोप घातलेली, पांडवांची पूजा झालेली, भज्जी-उंडे-आंबील पुढं आलेलं. अशा वेळी माणसानं गप जेवावं आणि ज्वारीत लोळावं. तर जावईबापू हातात मोबाइल घेऊन बांधाबांधानं हिंडताहेत. कशासाठी? ‘आजेसासऱ्यांची समाधी इथंच होती ना? अक्षांश-रेखांश घेतो.’ गावाच्या नावापुढं जनगणनेचा सहा आकडी क्रमांक टाकणारे एक गृहस्थ आहेत. दुसरे महाशय दहाव्याला गेले, घरच्यांचं सांत्वन केलं, आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत मयताच्या मावशीचा पोटतालुका काढून घेतला. सोयरिकीला गेलेल्या पाहुण्यांनी मुलीचं शिक्षण विचारायच्या आधी तिच्या आजीचं गाव ‘प्रमाणित’ आहे का विचारलं! पोरगी इंजिनिअर होती. तिनं चहाचा ट्रे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, ‘तुमच्या पत्रिकेतच तीन गावांचे जिल्हे चुकलेत.’ लग्न जमलं, हे सांगायला नकोच.

आणि आपण? आपण शहाणे. आपण लांबून बघतो, हसतो, एकमेकांना कोपर मारतो. आपल्याला नाही बुवा असला नाद. फक्त गेल्या महिन्यात सहज एकदा उघडून बघितलं. मग म्हटलं निदान आजोबांपर्यंत भरून ठेवावं, पोरांना राहील. मग आजीचं माहेर आलं. मग त्यापुढं ती लाल खूण आली आणि ती काही डोळ्यांपुढून हलेना. मग मामाला फोन केला, मामाला आठवेना, मामानं त्याच्या मावसभावाचा नंबर दिला, त्यानं एक गाव सांगितलं आणि लगेच दुसरं सांगितलं. तुमचंही असंच झालंय ना? उगीच नाही नाही करू नका. मघाशी शिरूरचं वाचताना तुम्ही थबकलात, ते आपल्या लक्षात आलंय. सांगून टाका की, तुमचं शिरूर कोणतं? ताजबंद असेल तर जरा इकडं सरका, एका आजीच्या बहिणीचा पत्ता तुमच्याकडंच अडकलाय.